मोकळा व्हरांडा

नगरपालिकेचा नियम: व्हरांड्यात अडथळा नको.

म्हणून परवान्यासाठीच्या तपासणीच्या सकाळी, संस्थेनं वृद्धांसाठी बांधलेल्या घरांच्या व्यवस्थापिकेनं तिथं राहणाऱ्या आजींची खुर्ची उचलून कोठीत टाकली. त्या खुर्चीत बसून आजी येणाऱ्या-जाणाऱ्यांची फिरकी घेत.

"मलाही टाक कोठीत. मीपण अडथळाच की!"

व्यवस्थापिका हसली. घाईत होती.

तपासनीस आला, पाहून म्हणाला, "एवढा रुंद व्हरांडा, आणि म्हाताऱ्यांना बसायला एक खुर्ची नाही? ठेवा की भिंतीला लागून." परवाना मात्र मिळाला.

(गोष्ट इथंच संपली असती तर बरं झालं असतं.)

व्यवस्थापिकेनं धावत जाऊन खुर्ची मांडली, आजींचं दार वाजवलं.

"आजी, या ना बाहेर."

"नको गं बाई. कुणाच्या वाटेत कशाला?"

आत टीव्हीचा आवाज वाढला.