पंधरा घोडे पुरेत

विकत घ्यायची बोट बघायला लोक वारा पडलेला दिवस निवडतात. माझ्या सासऱ्यांना मात्र खिडकीतून झाडं वाकलेली दिसली की ते चपला शोधू लागत. "चल, आज बोट बघून येऊ," म्हणत. आमच्या घरात सगळंच उफराटं, असं मनात म्हणत मी मुलीचा डबा भरायला घ्यायची.

सासऱ्यांची उभी हयात दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेली. काट्यात जरा खोट दिसली की ते दुकानदाराला घाम फोडत, मग तो ओळखीचा असो नाहीतर व्याही. आता निवृत्त आहेत, तरी भाजी घेताना पारड्याखाली वाकून बघतात. मी एकटी गेले की भाजीवाले खूश होतात.

आमचं घर तलावाच्या एका काठावर आणि शहर समोरच्या. शाळा, हॉस्पिटल, मी जिथे शिवणकाम करते ते दुकान, सगळं त्या बाजूला. रस्त्याने जायचं तर वळसा घालण्यातच अर्धा दिवस मोडतो, म्हणून बोट. ती घेतली तेव्हा माझा नवरा म्हणाला होता, "बाबा, चाळीस घोड्यांचं इंजिन घेऊ." इंजिनाची ताकद सगळे घोड्यांतच मोजतात. सासरे म्हणाले, "पंधरा घोडे पुरेत. आपल्याला काय शर्यत लावायचीय?" अंथरूण पाहून पाय पसरावे, हा त्यांचा बाणा. नवरा हसला आणि गप्प बसला. बापापुढे गप्प बसायची त्याला सवयच होती.

मागच्या वर्षी त्याच्या छातीत दुखायला लागलं, त्या दिवशी वारा नेमका शहराकडून येत होता. सुकाणूवर सासरे होते. नवऱ्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मुलीने त्याचे पाय धरले होते. इंजिन जिवाच्या आकांताने ओरडत होतं आणि बोट नाक वर करून नुसतं पाणी नांगरत होती. हॉस्पिटलची पांढरी इमारत सगळा वेळ समोर दिसत होती. दिसत होती, पण जवळ येत नव्हती. तलावाच्या मधोमध खडकाची खूण म्हणून एक लाल पिंप तरंगत असतं. तिथपर्यंत तो बोलत होता.

आम्हाला जवळजवळ तास लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अर्ध्या तासात आणलं असतंत तर." एवढंच म्हणून त्या थांबल्या. सासरे हातात त्याच्या चपला घेऊन उभे होते, त्यांनी ते ऐकलं.

तेव्हापासून मी त्यांच्याशी कामापुरतं बोलते. वाढलंय, गोळी घेतलीत का, दार लावा. मला त्यांचा राग येतो, आणि ज्याचा राग येतो त्यालाच रोज गरम पोळी वाढावी लागते, याचा आणखी राग येतो. मुलगी नऊ वर्षांची आहे. वारा असला की लाल पिंप मागे पडेपर्यंत ती डोळे मिटून बसते आणि माझा दंड असा धरते की नखं उमटतात. शाळेला रोज याच पाण्यावरून जायचं. त्यामुळे सासरे स्वतःहून म्हणाले, "जुनी का होईना, दणकट इंजिनाची बोट घेऊ," तेव्हा मला वाटलं, उशिरा का होईना, म्हाताऱ्याला शहाणपण सुचलं.

शहराच्या धक्क्याजवळ वापरलेल्या बोटी विकणारा एक जण आहे. त्याला सगळे कप्तान म्हणतात. पाण्याची त्याला इतकी भीती, की धक्क्याच्या कडेलाही तो येत नाही. गिऱ्हाइकाच्या हाती किल्ली देतो आणि झाडाखाली बसतो. "तुमची जुनी बोट आहेच की माझ्याकडे तारण," म्हणतो.

पहिल्यांदा त्याने एक लाकडी बोट दाखवली. सासऱ्यांची अट एकच होती. बोट आधी आमच्या काठावर न्यायची, तिथून उलट्या वाऱ्यात पुन्हा शहराच्या धक्क्याला आणायची आणि वेळ मोजायचा. तोही पूर्ण भारासकट. "रिकामी बोट काय, कुठलीही पळते," ते म्हणाले. "रिकामं पारडं बघून तराजू पास करतात का?"

"किती माणसं बसणार?" कप्तानाने विचारलं.

"चार."

कप्तानाने आम्हा दोघांकडे बघितलं. मुलगी शाळेत होती. "बाकीची दोन?"

"एक शाळेत आहे. तिचे एकतीस किलो."

"आणि चौथं माणूस? ते कधी येणार?"

"ते येणार नाही."

"मग त्याचा भार कशाला, आजोबा?"

"तरी घाला."

कप्तानाकडे पाण्याचे वीस लिटरचे कॅन होते. मुलीच्या वजनाचे दीड कॅन पुढच्या बाकाशी चढले. त्याने चौथ्या माणसाचं वजन विचारलं. सासरे वाकून कॅनवरचे आकडे वाचू लागले. मीच म्हटलं, "अठ्ठ्याहत्तर." त्याचे चार कॅन आडवे ठेवले आणि शेवटच्यातलं थोडं पाणी ओतून टाकलं. सासऱ्यांनी ते कुठे ठेवायचे हे हाताने दाखवलं. आमच्या बोटीत तो जिथे आडवा होता, बरोबर त्या जागी.

लाकडी बोटीला अर्ध्या तासाहून बराच जास्त वेळ लागला. मी हिरमुसले. सासरे मात्र धक्क्यावर उतरले ते जवळजवळ उड्या मारतच. मला चहा पाजला, सोबत केकचा तुकडाही घ्यायला लावला. म्हणाले, "चाळीस घोडे होते हिला. चाळीस. तरी नाही पोचली." पुढच्या वाऱ्याच्या दिवशी दुसरी बोट बघितली. तीही नापास झाली आणि सासऱ्यांनी कप्तानालासुद्धा चहा पाजला. नापास बोटींवर एवढं खूश होणारं गिऱ्हाईक कप्तानाने जन्मात पाहिलं नसेल.

मला कळायला तेवढा वेळ लागला. घरी त्या रात्री ताटात भात चिवडत ते पुन्हा म्हणाले, "चाळीस घोड्यांनीही काही झालं नसतं बघ." माझ्या हातातली पळी तशीच राहिली. सासरे बोट शोधतच नव्हते. कुठलंच इंजिन पुरलं नसतं, हे पाण्यावर सिद्ध करत होते. आणि खोटं वजन लावणं रक्तात नसल्यामुळे, चाचणी अगदी प्रामाणिकपणे करत होते.

तिसरी बोट फायबरची होती, साठ घोड्यांची. पांढरा रंग उडालेला, एका कुटुंबाने दहा वर्षं वापरलेली. बाकाखाली कुणा लहान मुलाचा एक बूट राहून गेला होता. कॅन चढले. आमच्या काठावरून वळताना सासऱ्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "तू बघ. मला सुकाणू सोडता येणार नाही."

त्यांनी वेगाची दांडी पुढे ढकलली. बोटीने आधी नाक वर केलं, त्या दिवशीसारखंच. मग नाक खाली आलं आणि ती लाटांच्या डोक्यावरून पळू लागली. कॅनमधलं पाणी डुचमळत होतं. मी नकळत एका कॅनवर हात ठेवला होता. लाल पिंप आलं आणि गेलं. पांढरी इमारत सरळ आमच्याकडे येत होती, जशी तेव्हा यायला हवी होती.

धक्क्याला लागल्यावर सासऱ्यांनी इंजिन बंद केलं. मागे वळले नाहीत.

"किती?"

मी घड्याळ बघितलं. बावीस मिनिटं.

वर्षभर मी या क्षणाची वाट बघत होते, असं म्हटलं तरी चालेल. हेच त्यांच्या तोंडावर मारायचं होतं. आता ते हातात होतं, आणि समोर त्यांची मान होती, बारीक झालेली, कॉलर सैल पडलेली. पस्तीस म्हटलं असतं तर त्यांनी मुकाट्याने मानलं असतं. रात्री झोप लागली असती त्यांना. पण मग म्हणाले असते, ही पण नको. आणि उद्या वारा सुटला की माझी मुलगी त्याच पंधरा घोड्यांवर डोळे मिटून बसली असती.

"बावीस," मी म्हटलं.

"घड्याळ बरोबर आहे ना?"

"तुमचंच आहे, बाबा."

त्यांनी किल्ली काढून माझ्यापुढे धरली. मग म्हणाले, "हीच घे." उतरताना पाय घसरला म्हणून मी दंड धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, माझा हातही धरला नाही. माझ्या मनातला राग कुठे गेला ते मला कळेना. राग होता तेव्हा निदान टेकायला काहीतरी होतं.

कागदपत्रं झाली. कप्तान म्हणाला, "जुनी बोट ठेवून जा, मी विकून देतो." सासरे नको म्हणाले. "मी घेऊन जातो घरी. तू मुलीला घेऊन ये नवीन बोटीतून."

संध्याकाळी शाळा सुटल्यावर मुलीला घेऊन निघाले. वारा पाठीमागून होता. लाल पिंपाजवळ जुनी बोट दिसली. इंजिन बंद होतं. ती पाण्यात फार खाली बसली होती. जवळ गेल्यावर कळलं, कप्तानाचे ते चारही कॅन त्यांनी सोबत घेतले होते, भरलेले. त्याच जागी आडवे ठेवले होते.

मुलीचे डोळे उघडे होते. ती कॅनकडे बघत होती.

"बाबा, ओतून टाका ते पाणी," मी म्हटलं. "बोट हलकी होईल."

"इथपर्यंत किती मिनिटं लागली होती?" त्यांनी विचारलं. "सकाळी. या पिंपापर्यंत?"

"ते नाही बघितलं मी."

"बघायला हवं होतंस." त्यांनी एका कॅनचं झाकण घट्ट केलं. "तो इथपर्यंत बोलत होता. पाणी मागत होता. मी म्हटलं, आता पोचू."

मी दोरी टाकली. ती त्यांनी झेलली, पण बांधली नाही, नुसती हातात धरून बसले. शेवटी मुलगीच वाकली आणि त्यांच्या हातातून घेऊन तिने ती जुन्या बोटीच्या कडीला गाठ मारून बांधली. मी दांडी पुढे ढकलली. दोरी ताणली, दोन्ही बोटींना हिसका बसला, आणि साठ घोडे पंधरांसारखे चालू लागले. घर समोर दिसत होतं.