मापात आहे

"रिपोर्ट अगदी नॉर्मल आहे," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी कागद तिच्याकडे असा सरकवला, जणू उपकारच करतायत.

तिला तो कागद त्यांच्या घशात कोंबावासा वाटला. दोन वर्षं हेच चाललं होतं. शरीर स्वतःच्याच थायरॉइडवर उठलंय, असं निदान झालं, रोज उपाशीपोटी गोळी सुरू झाली आणि पहिले सहा महिने बरे गेले. मग गेलेलं सगळं दामदुपटीनं परत आलं. डोळे सुजलेले, आवाज घोगरा, हाडांत थंडी. केस मुठीमुठीनं गळायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी केसांसाठी आणखी एक गोळी लिहून दिली आणि हात झटकले. त्यानंतरचे सगळे रिपोर्ट कसे छान आणि ही दिवसेंदिवस ढासळत चाललेली.

"मग मला हे का होतंय?"

"वय, ताण. बायकांना होतं असं. मन कशात तरी गुंतवा, ताई."

"दिवसाला बाराशे बुश तपासते मी. अजून किती गुंतवू?"

शेजारी बसलेला नवरा डॉक्टरांकडे बघून ओशाळं हसला. त्या हसण्यानं तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

तिचं सगळं त्या कागदावर अडलं होतं. महिन्याभरात कारखान्यात तिच्या हातून खराब बुशांच्या, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या धातूच्या नळकांड्यांच्या, तीन पेट्या पास झाल्या होत्या. साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं, महिनाअखेरपर्यंत आजाराचा डॉक्टरी कागद आणा, नाहीतर तपासणीचं टेबल सोडा आणि पॅकिंगला जा. एकोणीस वर्षं बसली होती ती त्या टेबलावर. आणि डॉक्टरांनी लिहून काय दिलं? 'शारीरिक कारण आढळत नाही.'

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जोडणीवाल्यांनी तिनंच पास केलेल्या नव्या पेट्या आणून आदळल्या. म्हणे, एकही बुश बसत नाही. तिनं चार बुश गेजवर, म्हणजे मापाच्या साच्यावर, घातले. चारही मापात. झालं, ही आता पार कामातून गेली, अशा नजरेनं सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिनं मात्र कपाटातून मास्टर काढला, म्हणजे ज्यावर गेजच तपासतात तो तुकडा. गेज झिजलेलं निघालं. या वेळी दोष तिचा नव्हता, पण आधीच्या तीन पेट्यांचा ठपका तसाच होता. माल आणि माप यांचं भांडण लागलं तर आधी मापावर संशय घ्यायचा, हे ती नव्या पोरींना घसा फोडून शिकवायची. आणि स्वतःच्या बाबतीत ही शहाणी दोन वर्षं कागदाला मान डोलवत बसली होती. तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

संध्याकाळी ती थेट लॅबमध्ये गेली. "तुमचं मशीन कोण तपासतं?"

रक्त घेणारी बाई फणकारली. "रोज सकाळी तपासतो. मशीनला नावं ठेवू नका. तुम्ही काय काय घेता ते सांगा आधी."

तिनं सांगितलं. केसांच्या गोळीचं नाव ऐकून बाईचा हात थांबला.

"त्यात बायोटिन नावाचं जीवनसत्त्व असतं, तेही भरपूर. ते अंगात असताना रक्त दिलं, तर थायरॉइडचे आकडे खोटे येऊ शकतात. फॉर्मवर विचारतो आम्ही ते." बाईनं तिचा जुना फॉर्म काढून समोर धरला. इतर औषधं: काही नाही. अक्षर नवऱ्याचं होतं. दर वेळी ती बाकावर डोळे मिटून बसायची आणि फॉर्म तो भरायचा.

"केसांची गोळी म्हणजे काय औषध आहे का?" घरी तो म्हणाला. "नट्टापट्टा तो. उगाच कशाला लिहायचं?"

लॅबवाल्या बाईनं सांगितल्याप्रमाणे तिनं तीन दिवस ती गोळी बंद ठेवली आणि पुन्हा रक्त दिलं. पाचच्या आत असायला हवा आणि एरवी दोनच्या आसपास दिसायचा, तो थायरॉइडचा आकडा तेवीस आला.

"अरे, वाढलंय की," डॉक्टर म्हणाले. "डोस वाढवू. ती केसांची गोळी घेता, हे सांगायचं नाही का आधी?"

"तुम्हीच लिहून दिलीत."

डॉक्टर कॉम्प्युटरकडे वळले.

"आता लिहा," ती म्हणाली. "मागचे रिपोर्ट चुकीचे होते आणि मी खरंच आजारी आहे. सहीशिक्क्यानिशी. त्याशिवाय मी इथून हलत नाही."

बाहेर रांग खोळंबली होती. त्यांनी तोंड वाकडं करून लिहून दिलं. तिनं प्रत्येक ओळ दोनदा वाचली. टेबल वाचलं होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिला मोकळा श्वास घेता आला.

जिन्यात नवरा खुशीत म्हणाला, "चला, म्हणजे खरंच काहीतरी होतं तर!"

ती पायरीवरच थांबली. "तुम्हाला काय वाटत होतं?"

"जाऊ दे ना आता."

"नाही. सांगा."

त्यानं कठडा धरला. "वाटायचं, कामाचा कंटाळा आलाय तुला. म्हणून नाटक करतेस." मग घाईघाईनं म्हणाला, "पण डॉक्टरांनाही तसंच वाटायचं. मीच विचारलं होतं त्यांना बाहेर बोलावून, ही नाटक तर करत नाही ना म्हणून."

"कधी?"

"पहिल्याच वर्षी."