पेटी गंगूकडे, किल्ली सोमलाकडे

जरा लांबूनच ऐका, मित्रांनो. झाकणावर हात ठेवू नका आणि कुलपाशी चाळा तर मुळीच करू नका. मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. मानोऱ्याजवळच्या एका तांड्यात, गंगू नावाच्या बाईच्या घरात, ज्वारीच्या कोठीमागे माझी जागा आहे. तांड्याचं नाव सांगणार नाही. तुम्ही कोण, कशाला आलात, हे मला अजून कुठे कळलंय?

रागावू नका. माझा जन्मच संशयात झाला. वाशीमच्या बाजारात एका कारागिराने मला ठोकून ठोकून आकार दिला, हिरवा रंग मारला आणि दुकानाच्या दारात मांडलं. गंगू आली. तिने मला बोटाने टकटक वाजवलं, उलटं केलं, मग आतून डोळा लावून तळ उन्हाकडे धरला. "पत्रा पातळ तं नाही ना, भाऊ? भोकं बुजवून रंग मारला असन." जगात आल्यावर माझ्या कानावर पडलेलं हे पहिलं वाक्य! कारागीर बिचारा शपथा घेत होता. मला मात्र बाई पटली. मालकीण असावी तर अशी, असं वाटलं.

पहिली काही वर्षं माझ्या पोटात गंगूच्या सासूची आरसे लावलेली फेटिया, म्हणजे घागरा, होती. पुढे कागद आले. त्याचं असं झालं की, दसरा झाला की तांड्यात ट्रक येतो आणि घरंच्या घरं ऊसतोडीला जातात. कागद उसाच्या फडात न्यावे तर भिजतात, हरवतात. गंगूचा पाय एका वर्षी मोडला, तेव्हापासून ती जात नाही. तिचं घर बारा महिने उघडं. मग एकाने रेशनकार्ड आणून दिलं, दुसऱ्याने जातीचा दाखला, तिसऱ्याने पोराची मार्कशीट. बघता बघता अकरा घरांचे कागद माझ्यात आले. "गंगूच्या पेटीत हाये म्हणजे देवापाशी हाये," असं लोक म्हणत. अशी स्तुती ऐकून कुणाची छाती फुगणार नाही? माझी तर पत्र्याची होती, तरी फुगली.

आणि तिथेच नजर लागली.

सहा वर्षांपूर्वी एक माणूस आला. दाढी गुळगुळीत, खिशाला पेन, बोलणं साखरेचं. कोणत्या तरी नव्या कॉलेजातून आलो म्हणाला. गंगूची मुलगी उज्ज्वला तेव्हा नुकतीच बारावी झाली होती. तिला नर्स व्हायचं होतं. हा बाजेवर बसला, चहा प्यायला आणि म्हणाला, "पोरगी हुशार आहे मावशी. नर्सिंगची यादी लागेपर्यंत आमच्याकडे नाव घालून ठेवा. फक्त ओरिजनल टीसी द्या." टीसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. तो एकच असतो आणि त्याच्याशिवाय दुसरीकडे कोणी दारात उभं करत नाही. गंगूने, जिने मला उन्हात धरून पाहिलं होतं त्या गंगूने, मला उघडलं आणि तो कागद त्याच्या हातात दिला!

यादी लागली. उज्ज्वलाचं नाव होतं. कॉलेजात टीसी मागायला गेली तर म्हणे, "तुझा प्रवेश इथं झालाय." दुसऱ्यांदा म्हणे, "साहेब नाहीत." तिसऱ्यांदा म्हणे, "कोणता माणूस? आमच्याकडे असा कोणी नाही." चौथ्यांदा गेली तोवर नर्सिंगची जागा दुसऱ्या मुलीला गेली होती. पोरगी घरी आली आणि माझ्या झाकणावर डोकं ठेवून रडली. दीड वर्षाने तिचं लग्न झालं. माझा पत्रा आजही त्या जागी जरा दबलेला आहे.

त्यानंतर तांड्याने नियम केला. पेटी गंगूकडे, किल्ली सोमलाकडे. सोमला म्हणजे तांड्यातला म्हातारा, सहा घरं सोडून राहतो, किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधतो. दोघं समोर असल्याशिवाय मी उघडायची नाही. आणि ओरिजनल कागद बाहेर जायचा नाही, झेरॉक्स काय हवी ती न्या. नियम चांगला होता. पण त्यात एक झालं, मला उघडणं कमी झालं. कुणी तेल घालेना, कुणी पुसेना. कडी गंजली. आणि माझा स्वभाव, खरं सांगते, कडीपेक्षा जास्त गंजला. दुधाने तोंड पोळलं होतं ना, आता मी ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून पिऊ लागले.

या वर्षी गंगूच्या दिराची मुलगी सरिता बारावी झाली. तिचे आईबाप कामासाठी पुण्याकडे, म्हणून ती काकीकडेच वाढलेली. एका संध्याकाळी ती म्हणाली, "काकी, मी वाशीमले बीएसडब्ल्यू करतो. समाजकार्याची डिग्री."

सोमला तिथेच बसला होता. तो हसला. "समाजाचं काम कराचं तं कर नं वं. त्याची डिग्री कायले लागते? मी तांड्याचे भांडनं तोडतो, मले कोनी डिग्री देल्ली?"

गंगू हसली नाही. "वह्या घेऊन येनारे पोट्टे-पोट्ट्या लय पाह्यले मी. संडास हाये का, शेळ्या किती, लिहून नेतात, फोटो काढतात. वापस कोन आलं? सांग."

"अन् तू त्यायले खरं सांगतलं का?" सरिता म्हणाली. "शेळ्या पाच होत्या, तू दोन सांगतल्या."

"पाच सांगतल्या असत्या तं चार नेल्या असत्या!"

"म्हनूनच मले जाचं हाये," सरिता म्हणाली. "लोकं दोन काहून सांगतात, हे त्यायच्या वहीत लिहाले जागाच नव्हती."

तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सगळा बेत लिहून काढला होता आणि तो कागदही माझ्यातच ठेवला. अर्थात मी तो वाचला. माझ्या पोटात येणारं काहीही मी तपासल्याशिवाय ठेवत नाही. डिग्री तीन वर्षांची की चार, यावर दोनदा खाडाखोड. आठवड्यातून दोन दिवस गावांत, वस्त्यांत प्रत्यक्ष काम. वसतिगृहाचा अर्ज. नॉन-क्रिमिलेअर, जात पडताळणी. खाली मोठ्या अक्षरात, ओरिजनल टीसी. आणि त्याखाली, कॉलेजातल्या साधना मॅडम चांगल्या आहेत.

चांगल्या! तो गुळगुळीत दाढीवालाही चांगलाच होता की!

यादीत नाव लागलं. प्रवेशाचा शेवटचा दिवस उजाडला. कॉलेज झेरॉक्स घेईना आणि नियम ओरिजनल सोडेना. रात्रभर गंगू या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. सकाळी उठून म्हणाली, "कागद एकटा जानार नाही. पेटी येईल, किल्ली येईल, मी येईन. समोर उघडू, समोर पाहू. नाही पटलं तं समोर बंद करू."

अशी अकरा घरांची पेटी गंगूच्या डोक्यावर बसून वाशीमला निघाली. मागे सोमला, कमरेला किल्ली. सगळ्यात मागे सरिता, लाजेने ओढणी तोंडावर घेतलेली. एसटीत कंडक्टरने विचारलं, "पेटीत काय आहे?" गंगू म्हणाली, "तुले काय करायचं हाये?" मला फार बरं वाटलं. पण मंगरूळपीरला दुसरी गाडी उशिरा मिळाली आणि कॉलेजच्या खिडकीपाशी पोचलो तेव्हा बंद व्हायला अर्धा तास उरला होता.

खिडकीतल्या कारकुनाने आमच्याकडे पाहिलं. "पेटी कशाला आणली?"

"टीसी हाये तिच्यात," गंगू म्हणाली.

"मग टीसीच आणायची ना!"

"आमचा नियम हाये."

सोमलाने करगोट्याची किल्ली सोडली, कुलूप काढलं आणि कडीला हात घातला. कडी हलेना. गंज होता हे खरं, पण सगळा दोष गंजाला देणार नाही. मीच धरली होती. आजूबाजूला पोरंपोरी गोळा झाली, माना पुढे, डोळे माझ्यावर. कारकून उठून आला आणि हिसके देऊ लागला. त्याला इतकी घाई कशाची? मी आणखी घट्ट धरलं. सरिता घड्याळाकडे पाही, माझ्याकडे पाही. तिच्या ओठांवर घाम आला होता. "काकी, खिडकी बंद होऊन राह्यली व," ती म्हणाली आणि तिचा आवाज रडवेला झाला. मला तो आवाज ओळखीचा वाटला. सहा वर्षांपूर्वी उज्ज्वलाचा असाच आवाज माझ्या झाकणावर पडला होता. तरी मी सोडलं नाही. वाईट वाटत होतं आणि तरी सोडलं नाही, अशी मी.

तेवढ्यात एक बाई आली. साधी साडी, खांद्याला पिशवी. याच साधना मॅडम. त्यांनी काय चाललंय ते विचारलं, सरिताने भरभर सांगितलं. मॅडमनी एका मुलीकडून खोबरेल तेलाची बाटली मागून सोमलाला दिली. मग गर्दीला म्हणाल्या, "मागे व्हा. यात अकरा घरांचे कागद आहेत. ते तुम्ही-आम्ही कशाला बघायचे?"

आणि त्या स्वतः भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मित्रांनो, माझ्या उभ्या आयुष्यात माझ्यापुढे पाठ फिरवणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. जो तो वाकून आतच बघायचा. मी थोडा वेळ वाट पाहिली, हळूच वळतायत का म्हणून. वळल्या नाहीत. मग मी कडी सोडली. सोमला म्हणतो तेलाने सुटली. म्हणू दे.

गंगूने टीसी काढली, पण हातातून सुटेना. तेव्हा सरिता पुढे झाली. "मॅडम, ओरिजनल देतो मी. पन पोच लिहून द्या. नाव, तारीख, शिक्का. अन् दाखला वापस लागला तं कोनापाशी मागाचा, थे बी लिहा."

कारकून हसला. "अशी पोच कोणी मागत नसतं."

मॅडमचा चेहरा जरा उतरला. "तुझा माझ्यावर विश्वास नाही?"

"माहा हाये, मॅडम. माह्या काकीचा नाही. अन् तिचं चुकत नाही."

मला वाटलं, आता खरा रंग दिसेल. मॅडम खुर्ची ओढून बसल्या आणि कॉलेजच्या कागदावर स्वतःच्या हाताने पोच लिहिली. शिक्का मारून घेतला. गंगूने ती सरिताकडून दोनदा वाचून घेतली, शिक्क्यावर अंगठा फिरवून शाई ओली आहे का ते पाहिलं आणि तेव्हा कुठे टीसी दिली. खिडकी बंद व्हायला चार मिनिटं होती. सरिताचा प्रवेश झाला.

परतताना मंगरूळपीरच्या स्टँडवर गंगू अचानक म्हणाली, "पोच नसली तं कागद मांगता येत नाही का वं?"

सरिताला कळलं कोणत्या कागदाचं चाललंय. "येते, काकी. दाखला आपला हाये."

दसऱ्याच्या आधल्या आठवड्यात सरिता वसतिगृहातून दोन दिवस घरी आली. तिने उज्ज्वलाच्या नावाने अर्ज लिहिला, दोन प्रती. आणि अकरा घरांतल्या अकरा बाया, पुढे सासरहून आलेली उज्ज्वला, अशा त्या नव्या कॉलेजात गेल्या. मी गेले नव्हते, हे सगळं मला सोमलाने किल्ली लावता लावता सांगितलं. तिथला बाबू म्हणाला, "साहेब नाहीत." गंगू व्हरांड्यात मांडी घालून बसली. "बसतो आमी. ऊस तोडायले जाले अजून आठ दिवस हायेत." दुपार कलली तसा एका कपाटातून गठ्ठा निघाला, आणि गठ्ठ्यातून उज्ज्वलाची टीसी. बाबूने सही करायला वही पुढे केली. उज्ज्वलाने आधी कागद पाहिला, मग सही केली.

तो कागद तिने स्वतःच्या हाताने माझ्यात ठेवला. एक कोपरा कसरीने खाल्लाय. बाकी सगळं शाबूत आहे. तिने मोठ्याने वाचलं, "वर्तणूक, चांगली." मग विचारलं, "सरिता, नर्सिंगले अजून वय चालते का वं?"

"चालते," सरिता म्हणाली आणि तिने कॅलेंडरचं दुसरं पान फाडलं.

आता सांगते, आणि एवढं मात्र जवळ येऊन ऐका. मला आणि माझ्यासारख्यांना वर्षातून दोनदा तेल द्या. कागद जपा, पण जपायचं म्हणून कोंडून घालू नका. आणि ओरिजनल कुणाच्या हाती देताना पोच मागायला लाजू नका. चांगलं माणूस रागावलं तरी लिहून देतं. संशय मी सोडलेला नाही, तो माझ्या पत्र्यातच आहे. पण आता मला कळतं, संशयाने नुसती कडी धरून बसायचं नसतं, कधी कधी त्याने प्रश्नही विचारायचा असतो.

उज्ज्वलाची टीसी मी सगळ्यात वर ठेवली आहे. खाली जाऊ देणार नाही. तिला लवकर बाहेर जायचंय.