एकवीस नंबरचा दात

नेवेनानं आ केला आणि डॉक्टर रुमेना हाजीएवा खूश झाली. सकाळपासून अनाथगृहातली नऊ तोंडं बघून झाली होती, आणि काय ती तोंडं! किटण काय, सुजलेल्या हिरड्या काय, काळी भगदाडं काय. ही दहावी, बारा वर्षांची पोर मात्र रोज मिठानं दात घासायची म्हणे. काडीचा आरसा तोंडात फिरवत रुमेना आकडे सांगत गेली आणि खिडकीशी बसलेली म्हातारी नर्स पेंका ते तक्त्यात भरत गेली. स्वच्छता शून्य. हिरड्या शून्य. मग एकेक दात : शून्य, शून्य, शून्य.

“सगळे शून्य?” पोरीचा चेहरा पडला. “नापास झाले का मी?”

“अगं वेडे, इथं शून्य म्हणजे पहिला नंबर! कीड लागली की एक, किडल्यामुळे काढावा लागला की चार. असं तोंड मी पाच वर्षांत पाहिलं नाही.”

नेवेना लाजली आणि पुढचे दोन मोठे दात दाखवून हसली. हे मंगळवारी घडलं, एवढं ध्यानात ठेवा.

आता दातांच्या या सरकारी पाहणीची एक रीत होती. दर दहावं मूल आठवड्यानं पुन्हा तपासायचं, पहिला तक्ता न बघता. दोन्ही तक्ते जुळले तर डॉक्टरचा हात पक्का. नाही जुळले तर राजधानीतली, सोफियातली आरोग्य खात्याची मंडळी सगळं काम केराच्या टोपलीत टाकणार. गेल्या वर्षी रुमेनाचं तसंच झालं होतं. भर बैठकीत एक टकल्या म्हणाला होता, “कॉम्रेड हाजीएवा, तुम्ही दात मोजता की ढग?” झालं, सगळे खो खो हसले. ते हसणं वर्षभर तिच्या मनात सलत होतं.

पुढच्या मंगळवारी नेवेना खुर्चीत बसली ती ओठ मिटून. ओठ सुजून निळा पडलेला. रुमेनानं तो हलकेच वर उचलला. वरचा डावा पुढचा दात, तक्त्यातला एकवीस नंबर, जागेवर नव्हता. तिथं नुसतं ओलं भोक होतं.

“पायरीवरून पडली,” अधीक्षक कांचेव दारातून म्हणाला. हातात बानित्साचा, म्हणजे चीज भरून भाजलेल्या पोळीचा तुकडा, मिशीला चीज लागलेलं. “भारी धांदरट कार्टी. घ्या ना डॉक्टरीणबाई, गरमागरम आहे.”

तो वळला तशी पोर कुजबुजली, “किल्ल्यांच्या जुडग्यानं मारलं त्यांनी. मागच्या मंगळवारी दात होता ना? तुम्ही पाहिलात ना?”

“होता गं बाळा. पाहिला मी,” रुमेना म्हणाली, आणि खरं तेच म्हणाली.

दुपारी दवाखान्यात दोघी तक्ते जुळवायला बसल्या. पेंकाचं बोट एके ठिकाणी अडलं.

“बाई, एकवीसला घोळ आहे. तिकडे शून्य. इकडे काय लिहू?”

मधल्या आठवड्यात कुणी पाडलेल्या दाताला नियमांच्या पुस्तकात जागाच नव्हती. आकडा जुळला नाही की डॉक्टरची चूक, संपला विषय. आधीच इतर मुलांच्या तक्त्यांत चार ठिकाणी आकडे हुकले होते, आणि चारपर्यंतच माफ होतं. पाचवा हुकला की पुन्हा तोच टकल्या आणि तेच हसणं.

“दोन्हीकडे चार लिही. तोंडात नसलेल्या दाताला शून्य घातलं तर कुणीही पकडेल.”

“अहो, पण किडून कुठं पडलाय तो? मी माझ्या हातानं शून्य लिहिलंय!”

“सोफियात हजारो तोंडांची सरासरी काढतात, पेंका. एका पोरीचा एक दात कोण बघत बसणार?”

पेंकानं पेन खाली ठेवलं ते उचललं नाही. मग रुमेनानंच जुन्या तारखेचा नवा तक्ता लिहिला, सही ठोकली आणि पहिला स्टोव्हमध्ये घातला. “करा बाई. निस्तराल तुमचं तुम्ही,” पेंका म्हणाली. वाईट बाई नव्हती हो रुमेना. पण स्वतःची लाज झाकायला निघालेलं माणूस आपण काय जाळतोय हे बघत नाही.

मे महिन्यात जिल्ह्याची चौकशी समिती बसली. नेवेनानं गणिताच्या वहीच्या पानावर पत्र धाडलं होतं : अधीक्षक मारतात, माझा दात पाडला, तो आधी होता हे डॉक्टरीणबाईंना माहीत आहे. खरं ठरलं तर तिला दुसऱ्या गावच्या अनाथगृहात हलवणार होते. नाही तर कांचेवच्याच गाडीतून परत.

अध्यक्षीणबाईंनी दोन तक्ते पुढे सरकवले. “सही तुमचीच?”

“माझीच.”

“दोन्ही दिवशी एकवीसला चार. म्हणजे दात किडून आधीच गेलेला होता?”

“खोटं!” नेवेना ताडकन उठली. “शून्य म्हणाल्या होत्या त्या! शून्य म्हणजे पहिला नंबर म्हणाल्या. सांगा ना हो डॉक्टरीणबाई!” रुमालाची गाठ सोडून तिनं दात टेबलावर ठेवला. “दुधाचे पडले ते मी कौलावर टाकले. कावळ्याला म्हटलं, हाडाचा घे, लोखंडाचा दे. हा नाही टाकला. पुरावा म्हणून जपला.”

“कुणाचाही असेल,” कांचेव हसला. “पोरं खिशात काय वाट्टेल ते ठेवतात.”

सगळे रुमेनाकडे बघू लागले. खरं सांगितलं तर खोटी तारीख, जाळलेला कागद, सगळंच बाहेर पडणार. नोकरी जाणार, वर खटला. सांग बाई, एकदा सांगून टाक! पण दुसऱ्यांची तोंडं उघडण्यात जन्म घालवलेल्या त्या बाईची ऐन वेळी दातखीळ बसली.

“तक्त्यात आहे तेच,” ती शेवटी म्हणाली. मागच्या बाकावर पेंकानं मान खाली घातली.

बाहेर अंगणात कांचेवनं खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि गाडीचं दार उघडलं. नेवेना चालत रुमेनापाशी आली. रडली नाही, ओरडली नाही. दात तिनं रुमेनाच्या तळहातावर ठेवला.

“तुमच्या कागदात हा नव्हताच. मग माझा कसा असेल? ठेवा तुम्हीच.”

ती जाऊन कांचेवच्या मागच्या सीटवर बसली. गाडी वळणाआड गेली तरी रुमेना तिथंच उभी होती. मग सवयीनं तिनं दात उजेडाकडे धरला. कीड नाही, डाग नाही, मुळापर्यंत धड.

“शून्य,” ती म्हणाली. पेंका केव्हाच बसथांब्याकडे चालू लागली होती.