दोष माझ्या काचेचा

मी एक जुनी पिकअप गाडी आहे. पाठीवर मुक्कामाची छोटी खोली, चाकांखाली खडीचा रस्ता आणि पुढे कॅनडाच्या उत्तरेकडचे मोकळे रान, यातच माझे आयुष्य गेले. मित्रांनो, आता मी फार थकले आहे. चढ आला की धाप लागते, दारे कुरकुरतात, आणि माझा मूळ रंग कोणता होता तेही मला नीट आठवत नाही.

माझा जन्म दक्षिणेतल्या एका कारखान्यात झाला. युकॉनमधल्या क्लाइड आणि म्यूरिअल या नवराबायकोने मला नवीकोरी घरी आणली. दरवर्षी थंडीच्या तोंडावर डोंगरांवरची झुडपे लाल झाली, की अंथरुणे, शेगडी आणि घेवड्याचे डबे माझ्यावर लादून ते उत्तरेला निघत.

वाटेत त्यांचा एक खेळ चाले. ज्याला प्राणी आधी दिसेल तो जिंकला. हरणाऱ्याने संध्याकाळी नदीच्या गारठलेल्या पाण्यात भांडी घासायची. क्लाइड कधी हरत नसे. उंच कड्यावरच्या पांढऱ्या रानमेंढ्या तो चालत्या गाडीतून दाखवी.

"मेंढ्या काय तुला निरोप धाडतात का रे?" असे पुटपुटत म्यूरिअल बाह्या सावरून नदीकडे जाई. ते माझे उमेदीचे दिवस होते. चिखलात रुतलेल्या कितीतरी गाड्या मी ओढून काढल्या, आणि लोक माझ्या बॉनेटवर थाप मारून कौतुक करत.

पुढे समोरून येणाऱ्या ट्रकांच्या चाकांखालचे खडे उडून माझ्या काचेला तडे गेले. आमच्याकडे त्याचे कुणाला काही वाटत नाही. ज्या गाडीची काच धड, ती घराबाहेर पडलीच नाही असे लोक समजतात. पण मग क्लाइड मला खड्ड्यांत घालू लागला. एकदा तर त्याने स्वतःच्याच फाटकाला धडक दिली.

"या फुटक्या काचेतून दिसतंय कुठे!" तो चिडून म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडे, दुसरे काय! बोल लावायला मी होतेच.

आता खेळात म्यूरिअल जिंकू लागली. ती "डावीकडे मूस!" ओरडली की क्लाइड वेग कमी करी. पण तिथे ते थोराड मूस हरीण नसे, खचलेली कड असे. ती "कोल्हा!" म्हणाली की समोरून ट्रक येत असे. त्याचे मन न दुखवता ती त्याला आपले डोळे उसने देत होती. संध्याकाळी तो बिचारा खुशीत भांडी घाशी. मी मात्र जीव मुठीत धरून चाले.

यंदा त्यांची मुलगी नोरीन सोबत आली. माझी काच पाहून तिने कपाळावर हात मारला.

"बाबा, या जाळ्यातून तुला रस्ता तरी दिसतो का?" असे म्हणून तिने स्वतः नवी काच बसवली. म्यूरिअलचा चेहरा उतरला. क्लाइड नुसताच "झकास" म्हणाला.

निघाल्यावर एका वळणाआधी म्यूरिअल ओरडली, "उजवीकडे कॅरिबू हरणं!"

मागच्या सीटवर बसलेल्या नोरीनने मान लांब केली. "कुठे गं आई? तिथे तर नुसती दरी आहे!"

म्यूरिअल ओशाळली. मग तिला तसे ओरडताही येईना. ती दाराची कडी घट्ट धरून बसली.

दुपारी रस्त्याच्या मधोमध एक मूस मादी पिल्लाला घेऊन उभी होती. घोड्याहून उंच जनावर ते.

"बोल की बाबा!" नोरीन हसली. "एवढं धूड समोर उभंय. आज मला जिंकू देणार वाटतं?"

"काय आहे समोर?" क्लाइडने विचारले. त्याचा पाय वेग वाढवतच होता.

"थांब!" म्यूरिअल किंचाळली.

मी खडीवरून तिरपी घसरत गेले. एवढी भीती मला उभ्या जन्मात वाटली नव्हती. मादीच्या पुढ्यात मी कशीबशी थांबले. ती पिल्लाला पुढे घालून शांतपणे झुडपांत निघून गेली.

"कधीपासून?" नोरीनने हळूच विचारले.

"काच तडकायच्या आधीपासून," म्यूरिअल म्हणाली.

क्लाइड खाली उतरला. माझे बॉनेट हाताने चाचपत तो पलीकडच्या बाजूला आला. "काच छान बसवलीस, पोरी," असे म्हणून त्याने किल्ली नोरीनच्या हातात दिली. त्याच्यावरचा माझा सगळा राग तिथेच गेला.

मित्रांनो, घरातली जुनी गाडी ठेचकाळू लागली, तर तिची काच जरूर बदला. पण चालवणाऱ्याच्या शेजारी बसून त्यालाही मायेने विचारा, "तुला दिसतंय ना?" मला उद्या भंगारात टाकलेत तरी चालेल. माणसाची मात्र वेळेवर विचारपूस करा.

मुक्काम जवळ आला तेव्हा शेजारी बसलेला क्लाइड एकदम ओरडला, "तो बघा कडा! वर रानमेंढ्या!"

कड्यावर शिळ्या बर्फाचे ठिपके होते. नोरीन काही बोलणार, तोच मागून म्यूरिअलने तिचा खांदा दाबला.

"दिसल्या रे, दिसल्या! जिंकलास तू," ती म्हणाली. आणि संध्याकाळी बाह्या सावरून ती भांडी घासायला नदीवर गेली.