नावाची पट्टी

रेडिओने तोफेच्या तोंडात डोकं घातलं आणि आत "हॅलो, हॅलो" केलं. हा मुलगा दिवसभर वाजत असे आणि त्याचं बंद करायचं बटण अजून कुणाला सापडलं नव्हतं. तोफेतून आवाज घुमून परत आला तशी सगळी हसली.

"डोकं बाहेर काढा," कोपऱ्यातल्या स्टुलावरून पहारेकरी उठला. "आत पाल आहे."

डोकं तत्काळ बाहेर आलं. तीनशे वर्षांत त्या तोफेने इतका झटपट परिणाम साधला नसावा.

खांबाजवळ उभी असलेली एक मुलगी मात्र हसली नाही. पालीचा हा विनोद ती जन्मापासून ऐकत आली होती. पहारेकरी तिचे वडील होते.

ते राजवाड्याच्या संग्रहालयात कामाला होते. "पुराणवस्तू खात्यात आहेत," असं तिने कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. खोटं नव्हतं. खात्यात ते होतेच, फक्त स्टुलावर होते. ऐकणाऱ्यांनी खुर्ची, टेबल आणि वर फिरणारा पंखा आपापल्या पदरचा घातला, आणि तिने तो काढून घेतला नाही.

सहल राजवाड्याला जाणार हे तिने रविवारी घरी सांगितलं. भाजी निवडता निवडता, भिंतीकडे बघून.

"जा की," वडील म्हणाले. "दरबाराचं दालन चुकवू नकोस, ठके."

आज सकाळी राजवाडा कुणा बड्या पाहुण्यासाठी अचानक बंद निघाला, आणि इतिहासाच्या सरांनी रस्त्यातच बेत फिरवून सदतीस जणांची वरात या जुन्या शस्त्रागारात आणली. वडील इथे कसे, हे कळायला तिला एक तोफ आणि दोन भाले बघून होईपर्यंतचा वेळ लागला. त्यांनी आजच्यापुरती राजवाड्यातली ड्यूटी बदलून इथली घेतली होती. तिने न सांगताच.

"मामा, ही तलवार खरी आहे का हो?" तिच्या मैत्रिणीने, चिमणीने विचारलं.

"खरी आहे. धार तेवढी गेली."

"कुठे गेली?" रेडिओ.

"रिटायर झाली. पेन्शनचे कागद अडकलेत."

पुन्हा हशा. चिमणी तिच्या कानाशी लागली. "काय भारी आहेत ना हे मामा?"

"हं," ती म्हणाली आणि एका ढालीचं फारच बारकाईने निरीक्षण करू लागली. वाकताना हात दोरीवर पडला.

"ताई, तुम्ही जरा मागे सरा," वडील म्हणाले. "दोरीला हात लावू नका."

ती मागे सरली. अठरा वर्षांत त्यांनी तिला ठके म्हटलं होतं, कार्टे म्हटलं होतं, बारावीच्या निकालाच्या दिवशी महामाये म्हटलं होतं. तुम्ही कधीच नाही. आणि ते इतकं सफाईने आलं, की जणू त्याची तयारी बरीच वर्षं चालली होती.

सर शिकवत इतिहास, पण त्यांचा जीव नियमांवर. ते पहारेकऱ्याच्या छातीकडे बघत होते.

"तुमची नावाची पट्टी कुठे आहे?"

वडिलांचा हात शर्टाच्या खिशावर गेला. खिशाच्या वर पिनेची दोन भोकं होती आणि त्यांच्या मध्ये एक लांबट तुकडा, बाकीच्या शर्टाहून निळा. खिशातून पितळी कोपरा डोकावत होता. वडिलांच्या बोटांनी तो झाकला.

"पडली असेल, साहेब."

"पडली असेल म्हणजे? एवढी मुलं बघतायत. सरकारी माणसाची ओळख पटायला नको? नाव काय तुमचं?"

तिच्या नावाच्या आणि आडनावाच्या मध्ये जे नाव होतं, ते सर हजेरीत रोज पुकारत. आडनाव तर असं, की अख्ख्या शहरात त्याची दोनच घरं. एक त्यांचं आणि दुसरं काकांचं.

वडिलांनी नाव सांगितलं. ते त्यांचं नव्हतं. आडनावही भलत्याच कुणाचं होतं.

सरांनी ते डायरीत टिपून घेतलं. "पुन्हा असं दिसायला नको."

"नाही दिसणार, साहेब."

तिने तोंड उघडलं. बाहेर पडला तो खोकला. चिमणीने लगेच पाण्याची बाटली पुढे केली.

निघताना सरांनी फर्मान काढलं. "दाराशी अभिप्रायाची वही आहे. प्रत्येकाने किमान दोन ओळी. नुसतं 'छान' चालणार नाही."

वहीपाशी वडील उभे होते. वारा पानं उडवत होता म्हणून त्यांनी एक हात पानावर ठेवला होता. रेडिओने "तोफ छान. पाल दिसली नाही" असं लिहून दोन ओळी भरल्या. मग तिची पाळी आली.

तिने वहीला दोऱ्याने बांधलेलं पेन हातात घेतलं, दोऱ्याचा गुंता सोडवला, पुन्हा केला. मग एका दमात लिहिलं: *इथले पहारेकरी माझे वडील आहेत. आज त्यांनी आम्हाला*

पुढचा शब्द येईना. तिने मान वर केली नाही. समोरचा पानावरचा हात किंचित हलला. वीस वर्षं लोकांचे अभिप्राय उलट्या बाजूने वाचत आलेल्या माणसाला एक ओळ वाचायला कितीसा वेळ लागणार?

"आटप ना गं, निबंध लिहितेस की काय?" मागून चिमणीने तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवली.

वडिलांनी पान उलटलं.

"अहो मामा, तिथे एवढी जागा होती की!"

"ते पान भरलं, ताई," वडील म्हणाले. त्यांनी कोऱ्या पानावरून तळवा फिरवून ते सपाट केलं आणि लेकीच्या हातातलं पेन सोडवून घेऊन चिमणीला दिलं. "तुम्ही इथून सुरू करा."