भुऱ्याच्या गाडीचा आस

मी एक जुना आस आहे, मित्रांनो. आस म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा. बैलगाडीला असतो तसाच, पण माझी गाडी एका कुत्र्याची होती. माझ्यावर गंज फारसा चढलेला नाही. तरी स्वतःकडे पाहिले की मला लाजच वाटते.

भडगावात परिचारिका असलेल्या संघमित्राताईंचा भुऱ्या एका टेम्पोखाली सापडला. जीव वाचला, पण मागचे दोन्ही पाय लुळे पडले. ताईंनी पीव्हीसी पाईपच्या तुकड्यांची चौकट केली आणि तिला लहान मुलांच्या सायकलची आधाराची चाके लावली. अडले ते मधल्या दांड्यापाशी. लाकडी दांडा मोडला, सळई वाकली. शेवटी मापाचा कागद घेऊन त्या जीवराम नानांच्या दुकानात, धातू कातायच्या लेथवर गेल्या. नाना त्यांच्या वडिलांचे जुने स्नेही. कागदावर लांबी होती, चाकांच्या भोकांचे माप होते. वजनाचा विचार कोणाच्याच मनात आला नाही.

नानांनी जन्मभर ट्रॉल्यांचे आणि पंपांचे दांडे केलेले. हलकेफुलके काम त्यांना कमीपणाचे वाटे. त्यांनी मला भरीव पोलादातून कातले, टोकांना आटे पाडले, तेल चोळून चकचकीत केले.

"बैल जुपा तरी वाकनार नही!" ते म्हणाले, आणि मी फुशारून गेलो.

पहिल्या दिवशी भुऱ्या गल्लीच्या टोकापर्यंत धावला. लोक गाडी उलटी करून मला पाहत, नखाने वाजवत. नानाही येणाऱ्याजाणाऱ्या गिऱ्हाइकाला माझे कौतुक सांगत. आठवडाभराने भुऱ्या मधेच बसू लागला. मग तर गाडी दिसली की पुढच्या पायांवर सरपटत खाटेखाली शिरू लागला. "आळशी झालास हं," म्हणत ताई त्याला ओढून काढत. खरे कारण मला ठाऊक होते. माझे ओझे ओढताना छातीचा पट्टा त्याच्या काखेत रुतत होता आणि पावलागणिक कातडी सोलली जात होती. मला वाचा नाही, हे खरे. पण असती तरी मी बोललो असतो का? कौतुक फार गोड लागत होते हो.

जखम दिसली तेव्हा ताई रडल्या. रोज परक्यांच्या जखमा बांधणाऱ्या त्या, आणि घरातलीच नजरेला पडली नाही! त्यांनी मलम लावले, गाडी भिंतीला उभी करून ठेवली. नानांना मात्र काही कळवले नाही. एवढ्या हौसेने केलेली वस्तू जड झाली, हे त्यांच्या तोंडावर कसे सांगायचे?

रविवारी नाना बिस्किटांचा पुडा घेऊन भुऱ्याची चाल पाहायला आले. ताई जराशा घुटमळल्या. मग पट्ट्याखाली कापूस घालून त्यांनी भुऱ्याला गाडीला बांधलेच. तो कुरकुरलादेखील नाही. नानांनी हाक मारली म्हणून निमूट चालत गेला, आणि त्यांच्या पायांशी पोचेपर्यंत कापूस लाल झाला.

नाना खाली बसले. त्यांनी गाडी मागून उचलून पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"तू माले काब्र नही सांगं, माय?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, नाना."

"माले वाईट वाटतं. पन त्यानं रगत तर नही निंघतं!"

नानांनी तिथेच नट सोडून मला काढून घेतले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ॲल्युमिनियमचा पोकळ आस केला, आणि देण्याआधी तो स्वतःच्या करंगळीवर तोलून पाहिला. भुऱ्याची जखम भरायला महिना लागला. त्या जागी केस आले ते पांढरे.

आता वाऱ्याने नानांच्या दुकानाचे दार आपटू नये म्हणून मी उंबऱ्यापाशी पडून असतो. ताईंबरोबर कधी भुऱ्या येतो. मला हुंगतो, थबकतो आणि वळसा घालून आत जातो. एकदा तरी त्याची माफी मागावी असे फार वाटते, पण ते माझ्या हाती नाही.

तुमच्या हाती पुष्कळ आहे, मित्रांनो. मुक्या जिवाच्या अंगावर काही बांधाल, तर रोज संध्याकाळी ते सोडून पट्ट्याखाली बोट फिरवून पाहा. बोटाला ओल लागली, तर ती वस्तू कोणी दिली, किती प्रेमाने दिली, हे आठवत बसू नका. आधी ती काढा.